काळी झाली की काढायची

१२ मार्च
आजही हिने ताट परत केलं. दोन घास, बस्स. कमरेचं हाड जुळलंय, चालवा म्हणतात डॉक्टर. ही म्हणते, "कशाला?" आणि भिंतीकडे तोंड करते. मागेल ते खायला द्या, असंही म्हणाले. फार खोदून विचारलं तेव्हा बोलली — लहानपणी आई कुंपणाकडची काळी फळं साखरेत शिजवायची, ती. बाजारात कोण विकतं ती! मी कुठून आणू?

१५ मार्च
रोपवाल्याकडे तशीच मिळाली. हकलबेरी म्हणतो तो. सहा रोपं गॅलरीत तेलाच्या डब्यांत लावली. कच्ची फळं विषारी असतात म्हणाला. पुढे बरंच सांगत होता, पण विषारी ऐकल्यावर माझं डोकंच चालेना. घरी येऊन एवढंच लिहिलं: काळी झाली की काढायची.

२ एप्रिल
मावा पडला. एक रोप गेलं. माझ्या हाताला यशच नाही.

२७ एप्रिल
हिरवे मणी धरलेत. डबा उचलून खाटेपाशी नेला. हिने डोळे उघडले नाहीत.
थोरली लेक आली होती. तिने फळं पाहिली आणि मला बाजूला घेतलं. आहे ते दुखणं काय थोडं आहे, त्यात हे विष कशाला, म्हणाली. तिचं खरं आहे. पण माझ्याजवळ दुसरं आहे काय?

१९ मे
हिचं वजन छत्तीस किलो. आता दूधही नको. थोरली नाकातून नळी घालायचं बोलते.

३ जून
काळी झाली! नव्या बुटासारखी चकाकतात.
पण आधी मी. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं हाच नियम — आधी आचाऱ्याने खायचं, अर्ध्या तासाने रोग्यांची ताटं. तेही शिजवण्याआधी चाखायचं, साखर खोट झाकते. दहा-बारा खाल्ली. कडू!

३ जून, दुपार
पोटात पीळ. तीनदा ओकलो. डॉक्टरांना फोन केला, ते येऊन सुई टोचून गेले. मग रोपवाल्याला विचारलं. म्हणाला, "काका, चकाकी जाऊन मळकट दिसेपर्यंत थांबायचं, मग शिजवूनच खायची. सांगितलं होतं की!" सांगितलं असेल. अजून पंधरा दिवस म्हणतो. हिच्याकडे तेवढे आहेत का?
मोरीपाशी बसून लिहितोय. ओकारीचा आवाज हिच्या खोलीत गेला असणार. तिकडून हाक नाही, काही नाही. माझ्यासारखा मूर्ख मीच. विष पिकवलं, तेही नीट नाही.

४ जून
सकाळी पाहतो तर हिची खाट रिकामी! धडपडत आत गेलो. एका हाताने भिंत धरून ही शेगडीपाशी उभी, पातेल्यात माझ्यासाठी मऊ भात. वळून न बघता म्हणाली, "आधी जायची पाळी माझी आहे. तुम्ही मध्ये घुसू नका."
निम्मा भात मी खाल्ला. निम्मा हिने.