स्वल्पविरामाची शेपटी

मोठ्या सिस्टर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. दवाखान्यात तुमच्या खुर्चीवर आता मी बसते, पण मला अजून कुणी मोठ्या सिस्टर म्हणत नाही, आणि म्हणू नये असंच वाटतं. हल्ली गोंदियाच्या मोठ्या दवाखान्याला पेशंट पाठवायची चिठ्ठी लिहायला मला दुप्पट वेळ लागतो. लिहून झालेली चिठ्ठी मी चारदा वाचते. पेशंटची गाडी सुटली की ठेवून घेतलेली कार्बनची प्रत पुन्हा वाचते. नव्या पोरी आपसात हसतात, ते मला दिसतं. का वाचते ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मी नवीन लागले त्या आठवड्यातली माझी पहिली चिठ्ठी तुम्हाला आठवत असेल. सगळी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आणि शेवटी 'पेशंट सिरीयस' लिहून पुढं तीन उद्गारचिन्हं. तुम्ही ती सगळ्यांसमोर वर धरलीत. "काऊन वं, बोंबलून कायले राहिली? तिकडचा डॉक्टर बहिरा आहे का?" मी रडले, तर संध्याकाळी क्वार्टरवर बोलावलंत. स्वयंपाकघरात वरण शिजतं आहे, तुम्ही पाठमोऱ्या उभ्या, आणि मी माझीच चिठ्ठी मोठ्यानं वाचते आहे. पूर्णविराम आला की तुमची पळी थांबते, स्वल्पविराम असला की फिरत राहते. एका वाक्याला ती फिरतच राहिली. "माहा दम संपला," तुम्ही म्हणालात, "तुहं वाक्य नाही संपलं." मग जेवता जेवता सगळं सांगितलंत. 'डोन्ट' लिहायचं नाही, 'डू नॉट' लिहायचं, कारण घाईत वाचताना शेवटचं 'एन टी' नजरेतून सुटतं. "आणि ज्या गोष्टीले 'नो' म्हणतेस ना, तिच्यापुढं लगेच पूर्णविराम दे. नाहीतं तो 'नो' पुढच्या शब्दालेही लागते." मी मान हलवली होती. मला वाटलं होतं, समजलं.

मागच्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, नागझिऱ्याकडच्या एका गावातून एका बाईला आणलं. पानं तोडताना अस्वलानं तिची मांडी फाडली होती. ती धड शुद्धीवर नव्हती. सोबत नवरा, तो गोंडी बोलणारा, थोडी हिंदी येणारा. मी तिला ओळखलं. काही वर्षांपूर्वी इथंच पेनिसिलिनच्या सुईनं तिचा चेहरा सुजला होता, श्वास कोंडला होता, आणि मी तिच्या उशाशी उभी होते. नवऱ्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तेव्हा तो कामाला बाहेरगावी होता. डॉक्टर जखम बांधत होते. म्हणाले, "सिस्टर, चिठ्ठी तुम्ही लिहा, मी सही करतो." फिट येत नाहीत, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, एवढं मला सांगायचं होतं. मी लिहिलं, 'नो फिट्स, ॲलर्जी टू पेनिसिलिन.' डॉक्टरांनी न वाचता सही केली, मी चिठ्ठी नवऱ्याच्या हातात दिली आणि गाडी निघाली.

प्रत फाईलला लावताना मी सवयीनं मोठ्यानं वाचली, आणि त्या दोन गोष्टींच्या मध्ये मी थांबलेच नाही. फिट नाहीत, ॲलर्जी नाही. माझ्या अक्षरात कागद असंच म्हणत होता.

मोठ्या दवाखान्यात कुणी फोन उचलेना. ड्रायव्हरचा फोन लागेना. आता गाडी कोहमाऱ्याला पोचली असेल, आता गोरेगाव गेलं असेल, असं म्हणत मी नंबर दाबत राहिले.  शेवटी ड्रायव्हरनं उचलला.

"मॅडम, पेशंट को तो अंदर ले गए."

"भाग! उनको बोल, पेनिसिलिन मत देना. भाग, भाऊ!"

तो फोन हातात धरून पळाला. मला त्याच्या चपला ऐकू येत होत्या, दार आपटलेलं ऐकू आलं, मग तिथल्या सिस्टरचा आवाज, अगदी तरुण पोरीचा. "आपने ही तो लिखा है, नो ॲलर्जी."

"सुई लगी क्या?"

ट्रे सरकल्याचा आवाज आला. 

"नहीं. भर के रखी है."

"फेंक दो उसे," मी म्हणाले. बाई वाचली. पावसाळा सरता सरता कुबडी घेऊन आली, सोबत नवरा, त्याच्या पिशवीत बांधावरच्या काकड्या. "चिट्ठी तूने ही लिखी थी ना, सिस्टर?" तो म्हणाला, "अच्छी लिखी." मी काकड्या घेतल्या. त्या इथल्या पोरींना वाटून टाकल्या, मी एकही खाल्ली नाही.

पण सिस्टर, एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी गोंदियाहून विचारणा आली, म्हणून डॉक्टरांनी ती प्रत मागितली. त्याआधी सकाळीच मी फाईल काढली होती, कार्बनचा तुकडा ठेवून त्या स्वल्पविरामावर पेनचं टोक दाबलं होतं, शेपटी टिंबात बुडेपर्यंत. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "पूर्णविरामच तर आहे. तिकडच्या पोरीनं नीट वाचलं नाही." त्यांनी तसं वर कळवलं. त्या पोरीला मेमो मिळाला. मूळ चिठ्ठी कुणी शोधली नाही. ती त्या बाईच्या कागदांत अजून कुठंतरी असेल, शेपटीसकट. टपालात खाकी पाकीट आलं की मला वाटतं, ती परत आली. मी ते सगळ्यांच्या आधी उघडते.

हे कागद कुठं जायचे नाहीत, म्हणूनच इतकं लिहिता आलं. त्या पोरीचा नंबर मी ड्रायव्हरकडून घेतला आहे. काल दुपारी लावलाही होता. "हॅलो, कौन?" असं तिनं विचारलं, आणि मी फोन कापला.