मंडईनंतर नक्की

१२ ऑगस्ट
धानाची रोवणी आटोपली. धनवंताने छातीतली गाठ दाखवली, आवळ्याएवढी. दुखते का, विचारलं. नाही म्हणाली. जे दुखत नाही ते दुखणं कसलं? तरी येत्या सोमवारी तिला गोंदियाला नेणार. बायकोच्या तब्येतीत मी हयगय करत नाही.

१९ ऑगस्ट
सोमवार, पण राखी निघाली. पुढच्या सोमवारी जन्माष्टमी, त्यापुढच्या सोमवारी पोळा. कॅलेंडर छापणाऱ्यांना लोकांच्या प्रकृतीची काही पडलेली नाही.

२९ सप्टेंबर
दिवाळीनंतर गावची मंडई, दिवसा जत्रा नि रात्री नाटक. यंदा नाटकात मेन रोल माझा! मरणाऱ्या बायकोला उचलून दवाखान्यात पळणारा नवरा. हिरोईन वडशाहून येणार, अंगाने भरलेली. म्हणून धानाचं पोतं उचलून प्रॅक्टिस.

६ ऑक्टोबर
कंबर धरली. शेजारच्या योगराजच्या मोटारसायकलवर तडक गोंदियाला जाऊन एक्स-रे काढला. दुखणं अंगावर काढू नये. धनवंता म्हणे, मी बी येतो जी. तिघं कसे मावणार? संध्याकाळी तिने कंबरेला तेल चोळलं, डाव्या हाताने. उजवा वर जात नाही म्हणते. मंडईनंतर नक्की.

८ नोव्हेंबर
मंडई. घरभर पाहुणे, धनवंता चुलीपाशी. तिचा भाऊ गजेंद्र आल्याआल्या माझ्यावर उखडला. भाऊजी, बाई वाळून राहिली, तुमाले दिसत नाही का? नाटकाच्या दिवशी कलावंताचा मूड घालवतात का?

९ नोव्हेंबर
नाटक तुफान! हिला काही झालं तर मी जगणार नाही, म्हणून असा रडलो की बायांचे पदर भिजले. शाल मिळाली. धनवंता पुढेच बसली होती. तिचे डोळे तेवढे कोरडे. कलेची समज सगळ्यांना नसते.

२ डिसेंबर
गाठ फुटली. बरं झालं, घाण निघाली. हळद भरली. धानाची मळणी झाली की दाखवूच.

११ डिसेंबर, नागपूर
गजेंद्र गाडी घेऊनच आला, मला विचारलंही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, आत्ताच. धनवंता म्हणाली, रोवणीपासून.
कॅन्सर. हाडांत पोचलाय. ऑगस्टमध्ये आणलं असतं तर वाचण्याची बरीच आशा होती, म्हणाल्या. आता फक्त दुखणं कमी करता येईल.
बाहेर बाकावर धनवंता हळूच म्हणाली, नाटकातल्या बाईले त उचलून दवाखान्यात पराले जी. मले त मोटारसायकलवर बसवाचंच होतं.
पानंच्या पानं डायलॉग पाठ असतात माझे. त्यांचीच लाज वाटली.
वॉर्ड वरच्या मजल्यावर. तिला जिना चढवेना. गजेंद्रने तिला उचललं. मी पिशवी घेऊन मागून गेलो.