सातवी खाट

सुरत, ८ मार्च १९८७

प्रिय सुग्रीव,

पत्र बघून हसशील. शाळेत माझे निबंध तूच लिहायचास. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं न्हाई.

इथं येऊन दोन वर्षं झाली, तीन कारखाने बदलले. इथं मला कुणी ओळखत न्हाई, आणि खरं सांगू, तेच लई बरं वाटतं. गावात मी दूध सोसायटीच्या चेअरमनचा पोरगा. हॉटेलात चहा प्यायला बसलो तरी कुणीतरी म्हणणारच, टँकर कवा येतोय इचार की बे तुझ्या बापाला! पाण्याच्या टँकरचा आणि दूध सोसायटीचा काय संबंध? पण आमचे दादा बारा वर्षं बिनविरोध चेअरमन म्हणल्यावर पाणी दादांनाच मागायचं, चारा दादांनाच मागायचा. तू तिथं रोज दूध मोजतोस, तुला काय सांगू. ते अंघोळीला बसले तरी दारात चार माणसं. ताट झाकलेलंच.

माय विहिरीवर पडून तिची मांडी मोडली, तवा मी केजच्या दवाखान्यात आलतो. दादा तिसऱ्या दिवशी आले. दोन दिवस टँकरसाठी तहसीलच्या पायरीवर होते, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. बरोबर आठ-दहा माणसं. दारातच कुणीतरी राम राम चेअरमन म्हणालं, आणि दादा पहिल्या खाटेपासून सुरू झाले. गाव कोणतं, काय झालं, औषध मिळतं का. हात जोडायचे, पुढं जायचं. माय सातव्या खाटेवर. दादांचे डोळे जागरणानं तांबारलेले, तोंडावर तेच हसू. तिलाही म्हणाले, "काही अडचण असली तर सांगा बाई, आपण बघू." हात जोडले आणि आठव्या खाटेकडं गेले.

मायनं हाक मारली न्हाई. पदर सावरून तिनं उलट नमस्कार केला, बाकीच्या बायांसारखा.

दादांबरोबरचे विठ्ठलराव ओरडले, "चेअरमन, अहो वहिनी हायत त्या!" सगळे हसले. दादाही हसले. मागं येऊन खाटेला धरून उभे राहिले. तेवढ्यात बाहेरून बोलावणं आलं, गेले. मी मायला म्हणलं, कावून बोलली न्हाईस? तर म्हणते, "चारचौघांत त्यांना खाली बघाय लागलं असतं." दादांना न भेटताच मी गाडी धरली.

सोसायटीची निवडणूक यंदाही बिनविरोधच करायचं चाललंय, असं कळलं. तू होऊ देऊ नकोस. दादांच्या विरोधात तू फॉर्म भर. मापात तू कधी थेंब इकडचा तिकडं केला न्हाईस, लोक तुला मानतात. मी प्रचाराला येतो. दादा मला दारात उभं करणार न्हाईत, करू देत. ते आपणहून सोडणार न्हाईत, त्यांना पाडावंच लागेल. मायला अजून धरून उठवावं लागतं, तिच्याजवळ बसायला घरात माणूस पाहिजे. आमच्या दारातली माणसं उद्या तुझ्या दारात येतील. वैशाखात तुझं लग्न हाय, हे ठाऊक असून मी तुझ्याकडं हे मागतोय.

तुझाच,
कचरू