भिंतीवरचा तांडा

आई, आज मला किळस आली आहे आणि ती कोणाला सांगावी ते कळेना, म्हणून तुला लिहिते. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता आर्णीकडच्या एका गावात तिसरीला शिकवते, अजून कायम झालेली नाही. या आठवड्यात गावाचा नकाशा शिकवायचा होता. मुलांना घेऊन पावलं मोजत फिरले : शाळा, पाण्याची टाकी, नाला, नाल्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा. मग व्हरांड्यातल्या काळ्या भिंतीवर आम्ही खडूंनी सगळं गाव काढलं. तांड्यावरच्या एका मुलीनं आपल्या घराच्या दारात तिची याडी, म्हणजे आई, उभी केली. नकाशात माणसं काढत नाहीत, हे मी तिला सांगणार होते, सांगितलं नाही.

दुपारी मुख्याध्यापक आले. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होते. ओलं बोट तांड्यावर टेकवून म्हणाले, "हा कायले घेतला वो मॅडम? उद्या साहेब येऊन राह्यले. त्याइले गाव दाखवाचं आहे, तांडा नाही."

"सर, निम्मी मुलं तिथलीच आहेत."

"पटावर हायेत नं? मंग झालं! भिंतीवर कायले पाह्यजेत?" स्वतःच हसले आणि गेले.

त्या बोटाची किळस आलीच, पण बोलण्याची जास्त, कारण ते मी आधी ऐकलं होतं. मी शाळेत जायच्या आधी गाव तूच मला शिकवलंस, चुलीजवळ. परातीतल्या ज्वारीच्या पिठात तू बोटानं नाला ओढतेस, तुरीच्या डाळीचे दाणे ठेवतेस : हे देऊळ, ही विहीर, हे आपलं घर. मी विचारते, "अन् तांडा?" तू पिठात पाणी ओततेस. "तो गावात नाही मोजत, माय." त्याच दिवसांत तांड्यावरच्या बाया आपल्या वावरात कापूस वेचत होत्या आणि त्यांचे पेले तू गोठ्यात वेगळे ठेवत होतीस. इतकी वर्षं मला ते आठवायचं, पण तुझा राग येत नव्हता. आज येतो आहे.

संध्याकाळी ती मुलगी भिंतीपाशी थांबली. "मॅडम, आमचा तांडा कुठी गेला?"

"जागा कमी पडली गं."

"मंग याडीले शाळेजवळ काढू का?"

भिंतीवर हातभर जागा कोरी होती, ओल्या फडक्याची. तिला ती दिसत होती.

हे पत्र माझ्या पाठांच्या टाचणवहीत राहील. एक गोष्ट वर लिहायची राहिली, आई : पुसा, असं सर म्हणाले नव्हते.