सव्वासात तास

३ मार्च, सकाळी ९.१०
सरकारी परिपत्रक आलं. खर्चकपात. प्रत्येक कार्यालयातली तीस टक्के पदं रद्द. आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत माणसं दोन. तपासणारी मी, आणि नमुने आणणाऱ्या, बाटल्या धुणाऱ्या सहायक काकू. दोनाचे तीस टक्के म्हणजे ०.६. ०.६ माणूस काढता येत नाही. म्हणजे धोका नाही.
काकूंना हे समजावलं. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत आणि घरात पगार तेवढा एकच. म्हणाल्या, तुझ्या तोंडात साखर पडो, पण सरकारला दशांश कळतो का ते आधी बघ.
संकल्प: कामाच्या वेळात काकूंशी गप्पा बंद.

६ मार्च
कर्मचारी संघटनेची सभा, पंपहाऊसमध्ये. खुर्च्या चाळीस, माणसं एकोणीस. मी सभासद नाही. घोळक्यात राहायची मला गरज लागत नाही. काकूंना एकटं जायचं नव्हतं म्हणून गेले. सेक्रेटरी मूळचे पंपचालक. पंपाच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे कुजबुजले तरी भाषण होतं. त्यांनी विचारलं, आपल्या प्रत्येक पदाला काम आहे हे आकड्यांनी कोण सिद्ध करील? माझा हात वर गेला. कारण नोंदवलेलं नाही.
टाळ्या, सात सेकंद. माझ्यावर काही परिणाम झाला नाही. घरी येऊन चपला न काढता आईला फोन केला. तिने जेवलीस का विचारलं. हो म्हटलं. मग सांगायचं राहिलं.

१० मार्च
संघटनेची तांत्रिक सल्लागार म्हणून (हे पद मीच निर्माण केलं) मोजणी सुरू. स्टॉपवॉच, पाच दिवस, तीन रकाने. काम, यंत्र चालू असतानाची प्रतीक्षा, आणि इतर.
काकू बाटली धुता धुता म्हणाल्या, "बघ बाई, घड्याळ लावून बघ. घरी तर बिनघड्याळाचंही कुणी बघत नाही."
हे 'इतर'मध्ये धरलं. सहा सेकंद.

१६ मार्च
काकूंची रोजची सरासरी: काम ३ तास १० मिनिटं, प्रतीक्षा २ तास २८, इतर १ तास ५२. इतरमध्ये शेजारणीच्या सुनेची हकीकत, माझ्या डब्यात डोकावणं, माझ्या ॲप्रनचं तुटलेलं बटण शिवणं वगैरे.
पद्धतीचा भाग म्हणून स्वतःलाही मोजलं. काम ४ तास ५, प्रतीक्षा १ तास ३८. इतर १ तास ४७. दोघींच्या 'इतर'मध्ये पाच मिनिटांचा फरक का, हे दोन दिवस शोधत होते. आज सापडलं. त्या पाच मिनिटांत मी खोलीबाहेर होते. काकू बोलतच होत्या.
गप्पांबाबतचा संकल्प मोजणी संपल्यावर लागू. मध्येच वागणं बदललं तर आकडे बिघडतात.

१८ मार्च
अहवाल पूर्ण. दोघींचं मिळून प्रत्यक्ष काम रोज ७.२५ तास. निष्कर्ष: काम भरपूर आहे, प्रयोगशाळा अत्यावश्यक आहे. सेक्रेटरी मोर्च्याच्या गडबडीत होते. उभ्या उभ्या पानं चाळली आणि म्हणाले, मॅडम, आकडा जरा भरीव दिसू द्या. म्हणून दशांशाची दोन स्थळं वाढवली. ७.२५००. आता भरीव दिसतो. त्यांनी न वाचता सही करून अहवाल सरकारकडे पाठवला. शिकल्यासवरल्या माणसाचं काम, त्यात आम्ही काय वाचायचं, म्हणाले.
या लढ्याला डोकं नव्हतं. आता आहे.

२४ मार्च
मोर्चा. घोषणा दिल्या नाहीत, ओठ हलवले. लांबून फरक कळत नाही. गर्दीत काकूंनी माझी बाही धरली होती. सोडवून घेतली नाही, कारण दुसऱ्या हातात फलक होता. दोन अनोळखी लाइनमन 'आकडेवाल्या मॅडम' म्हणाले. पुढच्या महिन्यात सभासदत्वाचा अर्ज भरायचा. निव्वळ सोयीसाठी.

८ एप्रिल, दुपारी ३
सरकारचं उत्तर आलं. माझा अहवाल तीन वेळा उद्धृत, चारही दशांश स्थळांसह. "संघटनेच्याच अभ्यासानुसार" असं पहिल्याच पानावर. झेरॉक्स काढून फाइल केली. आकडे मान्य म्हणजे मुद्दा मान्य.

८ एप्रिल, दुपारी ४.२०
चौथं पान आत्ता वाचलं. कामाचा दिवस साडेसात तासांचा. सव्वासात तासांच्या कामाला एक माणूस पुरतो, वर पंधरा मिनिटं उरतात. सहायकाचं पद ३० तारखेनंतर रद्द.
०.६ पूर्णांकात १ होतो. शाळेत शिकवतात.
सेक्रेटरींचा फोन. बरंच बोलले, काही शब्द नोंदवत नाही. शेवटी म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." मी गोतात कधी होते, असं विचारणार होते. त्यांनी फोन ठेवला होता.

९ एप्रिल
काकूंना सांगायला पाच मुद्दे लिहून नेले. पहिला, पद्धत निर्दोष होती. बाकीचे चार पहिल्याचेच पोटमुद्दे. त्यांनी ऐकून घेतलं, अहवाल मागितला, चष्मा लावून 'इतर'चं पान दोनदा वाचलं.
"खोटं काहीच नाही गं," त्या म्हणाल्या. "बोलत होतेच की मी. फक्त कुणाशी, तेवढं लिहायचं राहिलं."


३० एप्रिल
काकूंचा शेवटचा दिवस. निरोप समारंभ कपातीत बसत नाही. त्यांनी बाटल्या धुऊन उपड्या मांडल्या, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. त्यांनी तो जरा वेळ धरून ठेवला, जसा तापात धरतात. त्या गेल्यावर वाटलं, हस्तांदोलन चुकलं. बरोबर काय होतं ते सुचलं नाही.

६ मे
खोली शांत. एकाग्रतेला उत्तम. सकाळी नमुने आणते, दुपारी तपासते. आकडा बरोबर निघाला, एकटीला जमतं.
दुपारी काकूंना फोन केला, बाटल्यांचा ब्रश कुठे असतो ते विचारायला. ब्रश माझ्या हातात होता. त्यांनी जागा सांगितली. मी ती लिहून घेतली. रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

१९ मे
वरच्या कार्यालयाने या महिन्यातले अठराच्या अठरा अहवाल परत पाठवले. नियम असा की नमुना आणणारी आणि तपासणारी व्यक्ती वेगळी हवी. सह्या दोन हव्यात. होत्या दोनच, पण दोन्ही माझ्या. साहेबांना म्हटलं, मग दुसरं माणूस द्या. ते म्हणाले, पदच नाही. मागणी असेल तर संघटनेमार्फत पाठवा. सेक्रेटरींना चार फोन केले. बहुधा पंपाचा आवाज असेल.

३१ मे, दुपारी ४.४५
एका माणसाच्या प्रयोगशाळेचे अहवाल ग्राह्य नाहीत, सबब प्रयोगशाळा आजपासून बंद. उद्यापासून मी भांडारात, नळाचे सुटे भाग मोजायला.
शेवटचा नमुना तपासला. टाकीजवळच्या नळाचा. गढूळपणा, क्लोरिन, जंतू, सगळं मर्यादेत. अहवाल लिहिला नाही. एकटीच्या सहीवर पाणी पिण्यायोग्य ठरत नाही.
कुलूप लावून त्या नळाशी गेले आणि ओंजळभर प्यायले. चांगलं होतं. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं.