लेकीचं वाक्य

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आत्ता कुठे मी लिहायला बसलेय, तेही माझीच तक्रार घेऊन. इथं मस्कतमध्ये गणपतीतलं मराठी नाटक मी बसवते. शाळेत तुमच्या हाताखाली काम केलंय असं एकदा बोलून गेले, तेव्हापासून मंडळानं ते माझ्या गळ्यात घातलंय. मीही तुमचं नाव सांगून मिरवते.

तुमची तालीम शाळेच्या मागच्या पडवीत चालायची. नाकात बोलणारी, बोबडी, कुठल्याही वाडीतली पोरं तुम्हाला चालायची. हेडसर म्हणायचे, चार हुशार मुलं घ्या. तुम्ही म्हणायचात, "हुशार मुलांना नाटकाची काय गरज?" सातवीत मी राणी होते आणि ऐन गॅदरिंगमध्ये प्रधान झालेला मुलगा अडला. मी त्याचं वाक्य ठोकून दिलं, टाळ्या पडल्या. शाबासकीच्या आशेनं विंगेत आले तर तुम्ही माझा दंड धरलात. "त्याचं वाक्य का खाल्लंस? माणूस अडला तर थांबायचं. लोक थांबतात." मला तुमचा भयंकर राग आला होता.

गेल्या वर्षी इथं सगळंच अधांतरी होतं. आसपास युद्धाच्या बातम्या, विमानं रद्द, आमचा नायक सुट्टीवर गेला तो पुण्यातच अडकला. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, कोणाची नोकरी कधी खलास होईल सांगता येत नाही. सगळ्यांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवू, स्टेजवर नुसते ओठ हलवायचे. माणूस गेला तर दुसरा उभा करायचा, यल्ला, चला पुढे." मला पटलं. उलट मीच सगळ्यांना समजावलं की मराठी न येणाऱ्या मुलांनाही आता स्टेजवर घेता येईल, माझ्या बाईही कुणाला वगळत नसत.

माझी लेक शाळेत दिवसभर इंग्रजी बोलते. नाटकात ती नात होती. "आजोबा, मी तुमच्याजवळच बसणार, कुठे जाणार नाही." मी पोळ्या लाटतेय आणि ती ओट्याला टेकून हे पुन्हा पुन्हा म्हणतेय, 'जवळ'शी अडतेय, हसतेय, परत सुरू करतेय. इतकं खूश मी तिला क्वचित बघितलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशीही ती अडली. सगळे घड्याळ बघायला लागले. मी तिला म्हटलं, "मस्त झालं, जा, ज्यूस पी." ती बाहेर गेल्यावर शेजारच्या मुलीकडून तिची वाक्यं म्हणून घेतली. ती मुलगी नुकतीच पुण्याहून आलीय, बोलते अगदी स्वच्छ. लेकीला सांगायचं मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. पक्कं रेकॉर्डिंग हाती आलं तेच प्रयोगाच्या दिवशी.

बाई, विंगेतून मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं तोंड उघडलं आणि दुसरीच मुलगी बोलली. तिचे ओठ थांबले. रेकॉर्डिंग पुढे गेलं. मग तिनं मान खाली घालून ओठ हलवले, शेवटपर्यंत. नंतर जेवणाच्या रांगेत एक बाई म्हणाल्या, "किती गोड मराठी बोलते हो तुमची मुलगी!" लेक माझ्या शेजारीच ताट घेऊन उभी होती. मी म्हटलं, "थँक्यू."

नाटक टिकलं, असं मंडळात सगळे म्हणतात. यंदा उलट जास्त मुलांची नावं आलीत. लेकीचं नाही. काल विचारलं तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "रेकॉर्डिंग असतं ना आई. मी कशाला?" हे वाक्य ती कुठेही न अडता बोलली.

माझी लाज वाटते मला. पण त्या दिवसाबद्दल तिला अजून एक शब्द बोललेले नाही. ती पलीकडच्या खोलीत अभ्यास करतेय, दार उघडंच आहे, आणि मी इथं बसून तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.