सुमतीचा मुलगा, मुक्काम अबुधाबी

६ जुलै
ए.सी.च्या रिमोटबाबत माझा जाहीर निषेध येथे नोंदवून ठेवतो. बाहेर शेहेचाळीस, घरात अठरा. नीला दुलईत गुरफटून झोपते आणि तरी अठराच. "तेवीस करू का?" म्हणालो. "तुम्ही स्वेटर घाला ना." अबुधाबीत, जुलैत, स्वेटर! सहा ऋतूंची वर्णनं करून थकलेल्या आमच्या संस्कृत कवींना हा सातवा सुचला नाही. रिमोट सध्या तिच्या उशीखाली.

आणि लेक स्वखुशीने फ्रीझरात जाऊन बसली आहे. मिनूचा फोन. कॅनडाच्या पार वरच्या टोकाचं बेट, इन्युइट लोकांचं गाव. जुन्या वस्तीचं खोदकाम सुरू झालं. "सात डिग्री. प्लेझंट, बाबा." सूर्य सध्या मावळतच नाही म्हणे. मग सायंसंध्या कधी करायची? धर्मशास्त्रात सोय दिसत नाही. तिला विचारलं. "स्किप इट."

९ जुलै
ऑफिसात युसुफ टेबलाशी येऊन उभा. सगळ्यांचे व्हिसे तोच बघतो. "सर, बेटी छे महीने बाहर रही तो वीज़ा खलास. अगस्त के अंदर एक बार उतरने दो, स्टँप लगे, फिर जाए वापस बर्फ में."
"इन्शाल्ला."
"इन्शाल्ला नहीं सर. टिकट."

मिनू मार्चपासून बाहेर, आणि तिचा व्हिसा माझ्या नोकरीला जोडलेला. वाढली इथे, शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. कागदावर मात्र माझी पुरवणी. घरी नी.ला सांगितलं. ए.सी. सतरा.

१४ जुलै
मि.ने फोटो पाठवला. काही शतकांपूर्वीच्या हिवाळी घराचा तळ. खाली दगडी फरशी. वर देवमाशाच्या बरगड्या रोवून त्यावर मातीचं छप्पर असे. आत यायची वाट मुद्दाम जमिनीखालून. गार हवा जड, ती खालीच अडते, माणसं वर उबेत. आमच्या बिल्डिंगच्या इंजिनिअरला कळवायला हवं.

दिव्याचा एक तुकडाही सापडला. मऊ दगडाचा पसरट दिवा, सीलच्या चरबीवर जळणारा. गावातली एलिसापी नावाची आजी रोज बोटीतून साइटवर येते. तिने घरचा तसाच दिवा लावून दाखवला. शेवाळाची वात काडीने सारखी करत बसायचं, नाहीतर काजळी धरते. मि.ला जमलं.

नी.: "इथे समईची वात सारखी कर म्हटलं की स्मोक अलार्म वाजेल म्हणायची. तिथे एलिसाबाईंकडे बरी शिकली!" फोटो मात्र तिन्ही बहिणींना पाठवून झाला.

१९ जुलै
मंडळाची बैठक. गणपतीची वर्गणी बाजूला, चर्चा मि.ची. जोशी म्हणाले, "अहो, आर्यांचं मूळ घर तिकडंच! पोरगी माहेरी गेली म्हणा." हशा. मीही भर घातली: तिकडे वडिलांना 'अताता' म्हणतात, म्हणजे आपला 'तात'च की.

फोनवर मि.ला ऐकवलं. "बाबा, एव्हरी बेबी ऑन अर्थ सेज ताता." व्युत्पत्ती समाप्त. मग, "आणि ते माहेरवालं इथे कुणाला नको सांगू, प्लीज. दे वेअर मूव्ह्ड. सरकारने त्यांना त्यांच्याच जागेवरून उठवून गावात आणलंय."

एलिसापीचा जन्म त्याच खाडीत, तंबूतला. आता खोदताहेत तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे ती रोज येते ती खोदकाम बघायला नव्हे. जोशांचा विनोद खरा होता, फक्त माहेरवाशीण चुकली.

२६ जुलै
व्हिडिओ कॉल. मि.ला तिथे हिवाळाभर राहायला विचारलंय. गावातल्या म्हाताऱ्यांकडून जुन्या जागांच्या आठवणी टिपून घ्यायच्या. "आय अ‍ॅम थिंकिंग, बाबा."
मी ओरडलो, "अगं माझे आई, व्हिसा जाईल!"

मागे एलिसापी मासे वाळत घालत होती. हा काय म्हणाला, असं तिने विचारलं. इथे वाढलेल्या आमच्या कन्येने शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं: "ही कॉल्ड मी मदर."

पुढचं मि.च्या तोंडून. एलिसापीने विचारलं, तुला नाव कुणाचं? आजीचं, म्हणजे बाबाच्या आईचं. सुमती. ती गेल्यावर वर्षाने मी झाले. आई त्या नावाने हाक मारत नाही, सासूचं नाव ना, म्हणून घरात मिनू. एलिसापीला यात काडीचं नवल वाटलं नाही. "सासूला नावाने कोण हाक मारेल?" त्यांच्यातही गेलेल्याचं नाव बाळाला देतात. नावाबरोबर माणूसही येतं, आणि नातंही. एलिसापीच्या आईचं नाव तिच्या चार वर्षांच्या पणतीला आहे, म्हणून ती पणतीला 'आई' म्हणते. तेव्हा मिनूचा बाप तिला आई म्हणणारच. "हॅज ही ईटन?" असंही विचारलं.

निव्वळ वैतागाचा उद्गार आहे हो तो! घराघरांत म्हणतात. 'माझी' नव्हे 'माझे', शुद्ध संबोधन. त्या बाईने सरळ अर्थ लावला, आणि...

आईचा फोन याच वाक्याने सुरू व्हायचा. जेवलास का.

३ ऑगस्ट
मि.ला खेळ सापडला. फोन ठेवताना, "गोळी घेतलीस का, बेटा?" मी "हो आई" म्हणतो. नी. हसून बेजार.

आज शेवटी नी.ने फोन घेतला आणि म्हणाली, "बोटीत जपून गं, सुमती." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. लगेच जीभ चावली, हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही.

११ ऑगस्ट
माझं काँट्रॅक्ट वाढवलं. एक वर्ष. पुढचं बघू, म्हणाले. युसुफने दारातूनच खूण केली: टिकट?

१७ ऑगस्ट
मि.चा फोन. "बाबा, तिकीट काढू की नको? तू सांग. मी एलिसापीला विचारलं तर ती म्हणते, मुलाला विचार." नी. शेजारी, रिमोट हातात, बटण न दाबता. उद्या सांगतो म्हणालो. नंतर पाहिलं, तर ए.सी. तेवीसवर.

अस्वलं, बर्फ, बोट या काळज्या मी चारचौघांत बोलून दाखवतो. त्या फारशा नाहीत, ती माणसं तिला सांभाळतील. खरी काळजी लिहून टाकतो. एलिसापी बोट दाखवून सांगू शकते, मी इथली. माझं इथलं एक वर्ष, तिचं त्याला टाचलेलं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू, आणि पुण्यात ती सुट्टीपुरती पाहुणी. 'परत ये' म्हणायला मी कधीचा तयार आहे. कुठे परत ये, ते मला माहीत नाही.